दारापासून दारापर्यंत

"येतो गं. दार लाव," असं बंद दाराला सांगून भाऊजींनी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि जिना उतरायला लागले.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दार आमच्या ओळखीचं नव्हतं, इमारत आमची नव्हती आणि आत कुणी 'गं' असण्याची शक्यताही नव्हती, कारण ती जागा रिकामी आहे म्हणूनच आम्ही तिथे आलो होतो. मी भाऊजींच्या मागून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होतो. माझ्या गळ्यात गुलाबी पाण्याची बाटली होती. माझं वय तेवीस.

"फार भराभर उतरतोयस," भाऊजी खालून म्हणाले. "चिऊ असं उतरत नाही."

"चिऊ कशी उतरते?"

"मधे थांबते. कठड्यावरून खाली वाकते. मग तिला काहीतरी आठवतं."

मी थांबलो, कठड्यावरून वाकलो आणि म्हणालो, "बाबा, माझी वही राहिली."

"शाब्बास," भाऊजी म्हणाले आणि स्टॉपवॉचकडे बघत वीस सेकंद शांत उभे राहिले. वही आणायला लागणारा वेळ.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आम्हाला पकडून द्याल.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. लिफ्टचे मेकॅनिक. कारखान्यात त्यांना 'तळमजला' म्हणत, कारण कुठेही पाठवलं आणि काहीही बिघडलं तरी ते शेवटी शांतपणे तिथेच येऊन थांबत. नऊ वर्षं ते जाताना दोन तास दहा मिनिटं आणि येताना दोन तास दहा मिनिटं प्रवास करत होते. ताई त्यांचा संध्याकाळचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची. त्या थर्मासने माझ्या भाचीपेक्षा भाऊजींचा सहवास जास्त अनुभवला होता. चिऊ सात वर्षांची. तिला शाळेत 'माझे कुटुंब' हे चित्र काढायला सांगितलं. तिने आई काढली, स्वतःला काढलं आणि दाराशी बाबांचे बूट काढले. बूट अगदी हुबेहूब होते. बाईंनी दहापैकी नऊ दिले.

ते चित्र भाऊजींनी घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि महिन्याभरात दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये बदली मागून घेतली. नवं शहर पाचपट मोठं. म्हणजे दोन तासांचा प्रवास तिथे गावातल्या गावात मिळत होता.

ताई शिक्षिका होती. पुढच्या वर्षी शाळेत राहणार की नाही, हे तिला तीस तारखेला दुपारी बारापर्यंत लिहून द्यायचं होतं. तिने एकच अट घातली.

"दारापासून दारापर्यंत पस्तीस मिनिटं. चिऊला शाळेत सोडून. त्याच्या वर एक मिनिट गेलं तरी मी इथेच राहते. तुम्ही तिकडे खोली घ्या, रविवारी या. नाहीतरी आमच्याकडे तुमचे बूट आहेतच."

मग तिने मला बाजूला घेतलं. मी तेव्हा नोकरी शोधत होतो आणि नोकरी मला अजिबात शोधत नव्हती. "तू जा बरोबर," ताई म्हणाली. "ते घर बघतील. तू त्यांना बघ."

लिफ्टच्या धंद्यात एक नियम आहे. नवी लिफ्ट आधी माणसं नेत नाही, वजनं नेते. पूर्ण भार चढवायचा, वर न्यायची, खाली आणायची आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा. भाऊजींनी तोच नियम घरालाही लावला. जे घर घ्यायचं, त्याच्या दारातून, खऱ्या वेळी, खरा डबा आणि खरी हत्यारांची पिशवी घेऊन निघायचं. चिऊ गावाला होती. म्हणून तिच्या जागी भार म्हणून मी.

आम्ही बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो होतो. रोज पहाटे साडेपाचला उठून, कामावर जायला घरातून निघता यावं म्हणून आम्ही त्या घरी जायचो. हे वाक्य मी लॉजच्या मॅनेजरला तीनदा समजावलं. त्यानंतर तो आमच्याशी अदबीने वागायला लागला.

घरं दाखवणाऱ्या एजंटाला आम्ही 'पाच मिनिटं' म्हणत असू. त्याच्या मते शहरातलं प्रत्येक घर प्रत्येक ठिकाणापासून पाच मिनिटांवर होतं.

"कुणाच्या पाच मिनिटांवर?" भाऊजी विचारायचे.

"म्हणजे आपल्या, साहेब."

"आपल्या म्हणजे तुमच्या की माझ्या?"

"अहो, पाच मिनिटं ती पाचच मिनिटं!"

"तुम्ही कधी लिफ्टची वाट बघितलीय?" भाऊजी म्हणायचे आणि विषय तिथेच थांबायचा.

पहिलं घर वर्कशॉपच्या खिडकीतून दिसायचं. बाल्कनीत वाळत घातलेले मोजेसुद्धा मोजता येत. मधे फक्त एक रुंद कालवा होता, आणि त्याच्यावरचा पूल ज्याने बांधला त्याला बहुधा दुसरंच शहर जोडायचं होतं. चोपन्न मिनिटं. "बायकोला हात करता येईल," भाऊजी म्हणाले. "भेटायला मात्र बस बदलावी लागेल." दुसऱ्या घरापासून 'पाच मिनिटं'ने आम्हाला रविवारी दुपारी स्कूटरवर वीस मिनिटांत वर्कशॉपला नेऊन दाखवलं. सोमवारी सकाळी तेच अंतर कापायला एक तास बारा मिनिटं लागली, त्यातली चाळीस एकाच सिग्नलला. समोरच्या खांबावर एक कावळा घरटं बांधत होता. आम्ही त्याचं काम जवळजवळ पूर्ण होताना पाहिलं.

तिसरी ही इमारत. सहा मजली, जुनी, झाडांच्या गल्लीत. चावी मालकाकडे, मालक परगावी. "चौथा मजला, डावीकडचं दार," एवढंच सांगून 'पाच मिनिटं' दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. इमारतीची लिफ्ट बंद होती. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला पाटी होती, 'लिफ्ट बंद आहे. हुकमावरून, सेक्रेटरी.'

मंगळवार ते गुरुवार चाचणी. मंगळवारी जिना, गल्ली, बस, शाळेचं फाटक. फाटकाशी भाऊजी खाली वाकून माझी कॉलर नीट करायचे आणि म्हणायचे, "नीट वाग. डबा संपव." शाळेचा वॉचमन आमच्याकडे बघायचा. तेवीस वर्षांचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन शाळेबाहेर उभा आहे आणि बाप त्याला टाटा करतोय, हे दृश्य तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन बघायला आला.

पहिल्या दिवशी चौतीस मिनिटं पन्नास सेकंद. संध्याकाळची उलटी चाचणीही झाली. भाऊजी दाराशी येऊन म्हणाले, "आलो गं." मग स्टॉपवॉच थांबवलं आणि आम्ही लॉजवर झोपायला गेलो.

बुधवारी सकाळी "येतो गं" म्हटल्यावर आतून खोकल्यासारखा आवाज आला.

"रिकाम्या घरात आवाज येतातच," भाऊजी म्हणाले. "हवा असते."

"हवेला कफ झालाय," मी म्हणालो.

चौतीस मिनिटं चाळीस सेकंद. भाऊजींचा चेहरा मी पहिल्यांदाच तळमजला सोडून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान कुठेतरी चढलेला पाहिला.

गुरुवारी भाऊजी म्हणाले, "येतो गं. दार लाव."

आतून आवाज आला, "छत्री घेतलीस का?"

"घेतली," भाऊजी म्हणाले आणि उतरायला लागले. एक मजला उतरल्यावर ते थबकले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"घर बोललं," मी म्हणालो.

"ऐकलं मी."

"चांगलं आहे घर. काळजी घेतं."

"वर जाऊन बघायला हवं."

"मग बघू या ना!"

भाऊजींनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. "चाचणी चालू आहे," ते म्हणाले. चाचणी अर्ध्यात सोडणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. आम्ही गेलो. बसमध्ये भाऊजी एवढंच म्हणाले, "उत्तर दिलं ते बरं केलं. कुणीही असो, काळजीने विचारलं होतं."

संध्याकाळी त्यांनी दारावर टकटक केलं. दार उघडलं. आत एक आजीबाई उभ्या होत्या, हातात काठी, डोळ्यांवर चष्मा, अंगात बटणं खालीवर लागलेला स्वेटर.

"आलास?" त्या म्हणाल्या. "आज एक मिनिट उशीर."

"माफ करा," भाऊजी म्हणाले. "ही जागा रिकामी नाही?"

"अजून तरी नाही. मी आहे."

"पण चौथा मजला, डावीकडचं..."

"हा तिसरा. चौथा वर."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लिफ्टची माणसं मजले मोजत नाहीत, थांबे मोजतात. तळमजला हा पहिला थांबा. त्यामुळे भाऊजींचा चौथा तो साऱ्या जगाचा तिसरा. वीस वर्षं ते असंच मोजत आले होते. त्या हिशोबाने आम्ही तीन दिवस एका सभ्य बाईच्या दारातून संसार करत होतो.

"तुम्ही पोलिसांना का नाही बोलावलं?" मी आजींना विचारलं.

"पहिल्या दिवशी फोन उचलला होता," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, चोर 'दार लाव' म्हणून कशाला सांगेल? या, बसा."

आजीबाई पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लांबचे कॉल जोडून द्यायच्या. त्या काळी तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे बोलायची, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? घड्याळाकडे न बघता तीन मिनिटं अचूक सांगण्याची त्यांची ख्याती होती. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि लिफ्ट बंद होऊन सात महिने झाले होते. सात महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. सामान दोरीला टोपली बांधून वर यायचं.

"येणारे-जाणारे विचारतात, बऱ्या आहात ना?" त्या म्हणाल्या. "मी म्हणते, बरी आहे. मग जातात. 'येतो' कुणी म्हणत नाही. 'येतो' म्हटलं की परत यावं लागतं ना. तू रोज म्हणायचास आणि रोज यायचास. माझ्याकडे नाही, ते कळत होतं मला. पण आवाज माझ्याच दाराशी यायचा."

भाऊजी उठले, पाणी प्यायले आणि मला घेऊन एक मजला वर गेले. खऱ्या चौथ्या मजल्यावरून त्यांनी मला चिऊच्या वेगाने खाली उतरवलं. तीनदा. मी तीनदा वही विसरलो.

एका मजल्याची वाढ, पन्नास सेकंद. एकूण पस्तीस मिनिटं तीस सेकंद.

"अर्धं मिनिट!" मी म्हणालो. "भाऊजी, ताई काय अर्धं मिनिट धरणार आहे?"

"ती नाही धरणार," भाऊजी म्हणाले. "पण मी तिला पस्तीस सांगितलं, तर ते खोटं असेल. नऊ वर्षं मी तिला फोनवर 'पोचतोच आहे' म्हणत आलोय."

उद्या एकोणतीस, शुक्रवार. परवा तीस.

शुक्रवारी भाऊजींनी सुट्टी टाकली आणि आम्ही सेक्रेटरींचं दार ठोठावलं. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत, त्यामुळे लिफ्टबद्दल त्यांची मतं फार तात्त्विक होती.

"दुरुस्ती झाली होती हो," ते म्हणाले. "मागेच. मेकॅनिक म्हणाला, चालू झाली. मी म्हटलं, दोन दिवस कुणी वापरू नका, नीट बघू. म्हणून पाट्या पक्क्या बांधल्या. दोन दिवसांनी बटण दाबलं तर ठप्प! त्याला परत बोलावलं, तर म्हणाला भाग मिळत नाही. मग पाट्या तशाच ठेवल्या. बरोबरच होत्या ना त्या."

"मी बघू?"

"तुम्ही कोण?"

"चौथ्या मजल्यावर राहणार आहे. अर्धं मिनिट कमी झालं तर."

सेक्रेटरींनी याचा विचार केला आणि त्यात नियमाविरुद्ध काही सापडलं नाही.

भाऊजी वर मशीनच्या खोलीत गेले. दोर बघितले, ब्रेक बघितला, वायरी एकेक करून तपासल्या. दोन तास. मग प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी पाय दुमडून बसले. तळ, पहिला, दुसरा. तिसऱ्या मजल्यावर, आजींच्या दारासमोर, ते बराच वेळ बसले. मग त्यांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. मी भाऊजींना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे फरक चटकन कळला नाही.

लिफ्टची कुठल्याही मजल्यावरची दारं पूर्ण मिटली नाहीत, तर लिफ्ट हलत नाही. ती तिची शिस्त. बाकी मजल्यांवर पाटी हुकाला लावलेली होती. तिसऱ्या मजल्यावरचा हुक तुटलेला, म्हणून सेक्रेटरींनी तिथे पाटी जाड तारेने बांधली होती, आणि तार दाराच्या फटीतून ओढून घेतली होती. त्या तारेमुळे दार नखभर उघडं राहत होतं.

"म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे लिफ्ट बंद आहे ही पाटी लावल्यामुळे लिफ्ट बंद होती," भाऊजी म्हणाले.

जिन्यात सहा-सात माणसं जमली होती. सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सात महिने जिने चढलेल्या पायांचा तो मौन सत्कार होता.

"काढा मग पाटी!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "पाटी लावायचा ठराव झालाय. काढायचा झालेला नाही."

जिन्यातच तातडीची सभा भरली. काढायचा ठराव करायला सात दिवसांची सूचना लागत होती. शेवटी पाटी काढायची नाही, फक्त बाजूच्या भिंतीवर सरकवायची, असं एकमताने ठरलं. मतदानात माझंही मत धरलं गेलं. ती पाटी आजही त्या भिंतीवर आहे आणि तिच्या शेजारून लिफ्ट वर-खाली जाते.

भाऊजींनी दार मिटवलं, बटण दाबलं. खोल कुठेतरी काहीतरी जागं झालं, कुरकुरलं आणि वर यायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण शिट्टी वाजवून मग आपण कोण आहोत हे आठवून गप्प झाला.

"आधी वजन," भाऊजी म्हणाले. "माणसं नंतर."

वजन म्हणून सेक्रेटरींची वीस वर्षांची रद्दी चढवली. सभेची इतिवृत्तं, हरकती आणि हरकतींवरच्या हरकती. रद्दी वर गेली, खाली आली, परत वर गेली. दुपारभर भाऊजी ती फिरवत राहिले. भार वाढवला, मधेच वीज बंद करून ब्रेक बघितला. पाच वाजता ते तिसऱ्या मजल्यावर आले आणि त्यांनी आजींचं दार वाजवलं.

"चला," ते म्हणाले. "पहिलं माणूस तुम्ही."

आजी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं, घाबरल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या. स्वेटरची बटणं नीट लावलेली, केस विंचरलेले आणि पायांत बाहेरच्या चपला. चपलांवर सात महिन्यांची धूळ होती, ती त्यांनी पुसली होती, पण पट्ट्यांच्या मधे थोडी राहिली होती.

लिफ्टमध्ये आरसा होता. आजींनी त्यात स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "ही कधी आली?"

"आरसा त्यासाठीच असतो," भाऊजी म्हणाले. "माणूस स्वतःकडे बघत असला की वेळ लागतोय हे कळत नाही. आमच्याकडे लोक उशिरापायी तक्रार करत नाहीत, वाट बघण्यापायी करतात."

तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर गल्ली होती, झाडं होती, संध्याकाळचं ऊन होतं. आजी काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या, रस्त्यावर एक पाऊल ठेवलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"तो कोपऱ्यावरचा चष्मेवाला गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"सहा महिने झाले," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"माझा दुसरा चष्मा त्याच्याकडे दुरुस्तीला होता," आजी म्हणाल्या. मग बाकावर बसल्या आणि अंधार पडायला लागेपर्यंत उठल्याच नाहीत.

तीस तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही खऱ्या चौथ्या मजल्यावरच्या खऱ्या रिकाम्या घराच्या दाराशी उभे होतो. पूर्ण भार. मी वही विसरलो, बाटली सांडली आणि गल्लीतल्या मांजराला हात लावायचा हट्ट केला. एवढी खरी चिऊ चिऊनेही कधी केली नसेल. वर्कशॉपच्या दाराला हात लावून भाऊजींनी स्टॉपवॉच दाबलं. शाळेबाहेर राहायचं सोडून मीही त्या दिवशी पुढपर्यंत गेलो होतो.

तेहेतीस मिनिटं. त्यावर शून्य सेकंद.

भाऊजींनी ताईला फोन लावला. मी कान लावून ऐकत होतो.

"बोला."

"तेहेतीस."

पलीकडून ताई म्हणाली, "चिऊचा वेग धरलाय?"

"धरलाय. मांजरासकट."

"जिना?"

"लिफ्ट आहे."

"बंद पडली तर?"

"आता पडणार नाही," भाऊजी म्हणाले. "पाटी सरकवलीय."

ताईने याचा अर्थ विचारला नाही. नऊ वर्षांत ती काही गोष्टी शिकली होती. "बरं," ती म्हणाली. "मी लिहून देते शाळेत." आणि फोन ठेवण्याऐवजी तशीच थांबली. भाऊजीही थांबले. कुणालाही कुठे पोचायचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात सामान आलं. थर्मास ताईने धुऊन, वाळवून माळ्यावर टाकला. भाऊजी सोसायटीत राहायला येण्याच्या आठ दिवस आधीच लिफ्ट समितीचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले होते. असा मान इमारतीच्या इतिहासात कुणाला मिळाला नव्हता. मलाही तिथेच, त्याच शाळेत नोकरी लागली. ऑफिसात, कारकुनाची. वॉचमन मला अजून वर्ग विचारतो.

मी संध्याकाळी बऱ्याचदा त्यांच्याकडे असतो. सहा वाजून तीन मिनिटांनी लिफ्ट येते. पण ती चौथ्याला यायच्या आधी तिसऱ्याला थांबते. वरून आम्हाला दार सरकल्याचा आवाज येतो. चिऊ धावत जाऊन कठड्यावरून खाली वाकते.

"आलो हो," भाऊजींचा आवाज.

"आज वेळेवर," आजींचा आवाज.

मग काहीतरी किरकोळ चालतं. नळाचा वायसर, चिऊचे पाढे, कोपऱ्यावर नवा चष्मेवाला आलाय त्याचे दर. ताई चहा गाळून दोन कप भरते आणि बशी झाकून ठेवते. पस्तीसमधली दोन मिनिटं शिल्लक होती. त्यांचं काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं, भाऊजींनी ठरवलं होतं.

खालून आजींचा आवाज येतो, स्वच्छ, पस्तीस वर्षांच्या सवयीचा.

"तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

"वाढवा," भाऊजी म्हणतात.